पुस्तिकेतली उंची

परसातली ती चौकट उभारायची कल्पना माझी होती, हे मी आता कबूल करतो. जूनमध्ये मी ती एलियासची असल्याचं सांगत होतो, ऑगस्टमध्ये ती पुन्हा माझी झाली, आणि मधला संपूर्ण जुलै ती कोणाचीच नव्हती.

एलियास बाका हा आमच्या गावच्या मस्करॅट्स या बेसबॉल टीमचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. मस्करॅट म्हणजे पाणउंदीर. टीमला हे नाव कोणी दिलं ते विचारू नका; गावात त्यावर एकदा समिती नेमली होती आणि तिचा अहवाल अजून आलेला नाही. मोठ्या लीगमध्ये जायच्या आधी खेळाडू आमच्यासारख्या गावांत मुरत पडतात. कोणी दोन वर्षं, कोणी तीन. एलियास नऊ वर्षं मुरत होता. क्लबने दिलेल्या फ्लॅटमध्ये तीन तरुण पिचर पहाटेपर्यंत व्हिडिओ गेम खेळत, म्हणून तो आमच्या वरच्या खोलीत राहायला आला. माणूस इतका सभ्य की माझी बायको ओपल त्याला वाढताना मला वाढायचं विसरायची.

मी एकतीस वर्षं नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचले. आकड्यांशी माझा संबंध जुना आणि प्रामाणिक आहे, असं माझं मत होतं. गेली एकोणीस वर्षं मी एका तपकिरी वहीत मस्करॅट्सच्या होतकरू खेळाडूंच्या नोंदी ठेवतो. दर एप्रिलमध्ये, जो मोठ्या लीगमध्ये जाणार असं मला वाटतं त्याचं नाव लाल शाईने लिहितो. एकोणीस वर्षांत लाल शाईतला एकही वर गेला नाही. एक जण टीव्हीवर दिसतो खरा, पण तो हवामान सांगतो. याशिवाय मैदानावर वाटतात त्या पुस्तिकेत खेळाडूंची माहितीही मीच लिहितो: नाव, गाव, वय, वजन, उंची. हे काम मी हौसेने करतो आणि त्याबद्दल आजवर कोणी आभार मानलेले नाहीत, पण त्याचं मला काही वाटत नाही. सहज सांगितलं.

एलियासचं दुखणं असं होतं. बेसबॉलमध्ये पिचरने टाकलेला चेंडू एका अदृश्य चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. चौकट कोणाला दिसत नाही. ती अंपायरच्या डोक्यात असते आणि अंपायरचं जेवण नीट झालं नसेल तर हलते. चेंडू बोटभर बाहेरून आला तरी एलियास तो झेलताना मनगट असं काही हळूच आत वळवायचा, की अंपायरला वाटावं आतच होता. या एका मनगटावर त्याने नऊ वर्षं काढली. आणि मग मशीन आलं. आता निर्णय पटला नाही तर बॅटरने, पिचरने किंवा कॅचरने लगेच डोक्यावर हात मारायचा. त्याला चॅलेंज म्हणतात. मोठ्या पडद्यावर चेंडू पुन्हा येतो, चौकट उमटते, आणि अख्ख्या गावासमोर ठरतं कोण चुकलं ते. टीमला एका सामन्यात चॅलेंज दोनच. बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं, चुकलं की गेलं.

मशीनला मनगट दिसत नाही. शिवाय अंपायरला फसवता फसवता एलियासची स्वतःचीच नजर फसली होती. चेंडू खरोखर आत होता की आपण आणला, हे त्याचं त्यालाच कळेना. त्याची सातातली पाच चॅलेंज चुकली. मॅनेजर स्ट्रिकलँडने त्याला बोलावून घेतलं.

"सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत बघू, बाका," मॅनेजर म्हणाला. "चौकट कुठे आहे ते कळायला लागलं तर ठीक. नाहीतर तुझ्या काकांचं फ्रीजदुरुस्तीचं दुकान आहेच म्हणतोस ना?"

हे एलियासने आम्हाला जेवताना सांगितलं. खिम्याचा मीटलोफ तसाच ताटात होता.

"दुकान चांगलं चालतं," एलियास म्हणाला. "न्यू मेक्सिकोत उन्हाळा मोठा असतो." हे म्हणताना त्याचा चेहरा पाहून ओपलने त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले. तिच्याकडे तेवढाच इलाज असतो. माझ्या डोक्यात मात्र त्याच क्षणी चौकट उभी राहिली.

माझं गणित सरळ होतं. मशीन चौकट आखतं ते बॅटरच्या उंचीवरून: खालची रेघ उंचीच्या सत्तावीस टक्क्यांवर, वरची साडेत्रेपन्न टक्क्यांवर. प्रत्येक बॅटरची उंची पुस्तिकेत छापलेली. मग परसात पाइपांची चौकट करायची, तिला वरखाली सरकणाऱ्या दोऱ्या बांधायच्या, पुढच्या टीमच्या एकेका बॅटरच्या मापाने त्या लावायच्या, हायस्कूलचं जुनं चेंडूफेक मशीन समोर ठेवायचं, आणि एलियासने मागे बसून आधी सांगायचं, स्ट्राइक की बॉल. चेंडू दोरीला नुसता घासला तरी स्ट्राइक, म्हणून दोऱ्यांना मी ख्रिसमसच्या छोट्या घंटा बांधल्या. ही घंटांची कल्पना मात्र पहिल्यापासून माझीच होती.

पहिल्याच दिवशी शेजारचा फ्लॉइड कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला. फ्लॉइड निवृत्त सुतार आहे आणि दुसऱ्याच्या कामात त्याला कमालीचा रस आहे.

"डावा पाइप वाकडा आहे," तो म्हणाला.

"सरळ आहे."

"वेंडेल, मी चाळीस वर्षं दारं बसवली. वाकडा आहे."

"हे दार नाहीये, फ्लॉइड."

"ते दिसतंच आहे. दार असतं तर बंद झालं नसतं."

तिसऱ्या दिवशी मशीनने एक चेंडू स्वतःच्या मनाने फेकला. तो चौकटीवरून, एलियासवरून, कुंपणावरून गेला आणि फ्लॉइडच्या बागेतल्या पक्ष्यांच्या पाणपात्राचे दोन समान भाग झाले. दुसऱ्या दिवशी फ्लॉइड घडीची खुर्ची घेऊन आमच्या परसात येऊन बसला आणि म्हणाला, माझं जे व्हायचं ते नुकसान झालेलं आहे, आता मी बघणार. तेव्हापासून तो रोज बसला आणि प्रत्येक चेंडूला एलियासच्या आधी ओरडून निर्णय देऊ लागला. ते बहुतेक चुकत.

पण पाणपात्राचा त्याने विमा कंपनीला फॉर्म भरून दिला होता. 'नुकसान कशामुळे' या रकान्यात त्याने 'शेजाऱ्याच्या परसातील अज्ञात बांधकाम' असं लिहिलं. विमा कंपनीने त्याची प्रत नगरपालिकेला पाठवली. ज्या नगरपालिकेत मी एकतीस वर्षं काढली, तिचं पत्र मला 'परवानगीशिवाय बांधकाम करणारे गृहस्थ' या नात्याने आलं. मनाला लागलं. पत्रावर माझं नावही चुकीचं होतं.

काउंटरवर ट्वायला नावाची बाई होती. ती नोकरीला लागली तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला कॉफीचं मशीन दाखवलं होतं. तिने ती ओळख दाखवली नाही.

"हे कुंपण आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"शेड?"

"नाही."

"मग काय आहे, मिस्टर ग्रूबर?"

"तशी ती रिकामी जागा आहे," मी म्हणालो. "भोवती दोरी आहे."

तिने चष्मा खाली घेतला. "रिकाम्या जागेची उंची किती?"

"ते बॅटरवर अवलंबून आहे."

"फॉर्ममध्ये एकच आकडा बसतो."

मी तिला सत्तावीस टक्के आणि साडेत्रेपन्न टक्के समजावून सांगितलं. माझ्यामागे रांगेत असलेल्या दोघांनी त्यात भाग घेतला, आणि त्यातल्या एकाने जुन्या अंपायरांच्या बाजूने बरंच भाषण केलं. शेवटी ट्वायलाने नियमांचं पुस्तक उघडलं आणि दोरी असलेली एकच गोष्ट परवानगीशिवाय चालते असं शोधून काढलं: कपडे वाळत घालायची दोरी. "पण मग तिच्यावर कपडे दिसले पाहिजेत," ती म्हणाली. "इन्स्पेक्टर कधीही येईल."

त्यामुळे पुढचे तीन आठवडे चौकटीच्या कोपऱ्यावर ओपलचा एक निळा टॉवेल कायम असे. एलियास सरावापुरता तो बाजूला करी आणि नंतर नीट पसरून ठेवी. इन्स्पेक्टर दोनदा आला. दुसऱ्या खेपेला त्याने टॉवेलला हात लावून पाहिला आणि कोरडा आहे अशी नोंद केली.

याच दिवसांत ओपलने घरात चॅलेंज सुरू केलं. प्रत्येकाला हंगामाला दोन, नियम तेच. माझी दोन्ही पहिल्या दोन दिवसांत गेली. एक लोणी फ्रीजमध्ये आहे की नाही यावर आणि दुसरं आमच्या लग्नाच्या तारखेवर. ओपलने एकही वापरलं नाही. तिला वापरता येत नाही, असं मी एलियासला हसत हसत म्हणालो.

"घाई करायची नसते, मिस्टर ग्रूबर," तो म्हणाला. "सगळं कसब असतं ते त्यातच."

तोवर त्याची नजर मात्र बसत चालली होती. दोरीच्या मापाने तो दहातले नऊ चेंडू बरोबर सांगू लागला. घंटा वाजायच्या आत त्याचा हात डोक्याकडे जाई. मी गावभर सांगत सुटलो. न्हाव्याकडे सांगितलं, चर्चबाहेर सांगितलं. हेही सांगितलं की एलियासचं नाव मी एप्रिलमध्येच लाल शाईने लिहिलेलं आहे, हवं तर वही दाखवतो. वही कोणी मागितली नाही. ती वरच्या मजल्यावर ओपलच्या शिवणाच्या कपाटात होती आणि तिथेच असलेली बरी होती.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी एलियास नव्या नजरेने मैदानात उतरला. मी, ओपल आणि फ्लॉइड पहिल्या रांगेत. पहिल्याच डावात उंचावर आलेला एक चेंडू अंपायरने बॉल दिला. एलियासने ताबडतोब डोक्यावर हात मारला. मी शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणालो, "आता बघा." त्याने बघितलं. पडद्यावर चेंडू चौकटीच्या वरून गेला, अगदी आरामात. सहा चेंडूंनंतर पुन्हा तेच, पुन्हा उंच, पुन्हा बाहेर. दोन्ही चॅलेंज पहिल्या डावात संपली. नवव्या डावात अंपायरने खरोखरची घोडचूक केली तेव्हा डोक्यावर मारायला कोणाकडे काही उरलं नव्हतं, आणि मस्करॅट्स एका धावेने हरले. मॅनेजर स्ट्रिकलँड एलियासकडे न बघता आत गेला. ते न बघणं आम्हाला पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसलं.

आम्ही घरी आलो. स्वयंपाकघरात एलियास म्हणाला, "परसात हे दोन्ही चेंडू वाजले असते. शपथेवर सांगतो, घंटा वाजली असती."

"मशीन बिघडलेलं असणार," मी म्हणालो.

ओपल चहाचं पाणी ठेवत होती. "तो बॅटर किती उंच होता?" तिने विचारलं.

"पाच फूट दहा. पुस्तिकेत आहे."

"पाच सात," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की पुस्तिकेतले आकडे अधिकृत असतात आणि प्रत्येक क्लबच्या कचेरीतून येतात. "मी स्वतः पाच फूट दहा आहे," मी म्हणालो. "तो अगदी माझ्याएवढा होता."

ओपलने किटली खाली ठेवली आणि डोक्यावर हात मारला.

इथे सांगायला हवं की माझी बायको तेहतीस वर्षं शाळेत नर्स होती. या गावातलं चाळिशीच्या आतलं प्रत्येक डोकं तिच्या पट्टीखालून गेलेलं आहे. तिने मला बूट काढायला लावले, दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, माझ्या टाचा जमिनीला लावल्या, दोनदा, आणि पेन्सिलची खूण केली. पाच फूट साडेसात इंच. चालकाच्या परवान्यावर चव्वेचाळीस वर्षं पाच दहा आहे. चॅलेंज बरोबर. तिची दोन्ही शिल्लक.

"तू ये," ती एलियासला म्हणाली. पुस्तिकेप्रमाणे तो सहा फूट. पट्टीप्रमाणे पाच फूट सव्वादहा.

"मॅम, माझ्या आईला सांगू नका," एलियास म्हणाला.

मग मला खाली बसावं लागलं, कारण सांगायचं होतं ते उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. एलियासला ते दोन इंच मी दिले होते. गेली एकोणीस वर्षं मी मस्करॅट्सच्या प्रत्येक खेळाडूला पुस्तिकेत इंच-दोन इंच देत आलो आहे. घरापासून लांब आलेले असतात, आयांना पुस्तिका पाठवतात. दोन इंचांनी माझं काय जातं? तेवढा माझा हात सैल आहे. पण आमच्या लीगमधल्या बाकीच्या अकरा गावांतही पुस्तिका लिहिणारा एकेक गृहस्थ असेल, आणि त्याचाही हात सैल असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. जगात खोटं बोलणारा भला माणूस मी एकटाच आहे, अशी माझी समजूत होती. त्या उदार आकड्यांवर मी दोऱ्या बांधल्या होत्या, आणि मशीनसाठी मात्र लीगने प्रत्येकाला सकाळच्या वेळी, अनवाणी, भिंतीला टेकून मोजलं होतं.

"म्हणजे तीन आठवडे मी नसलेल्या माणसांची चौकट शिकत होतो," एलियास म्हणाला.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "मला माफ कर."

त्याने दारावरच्या दोन पेन्सिलखुणांकडे पाहिलं. "मला वाटायचं पँट आखूड करून घ्यायला लागतात ते शिंप्यांमुळे," तो म्हणाला, आणि हसला. मला हसू आलं नाही. लेबर डेला पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवसापासून कारभार ओपलने हातात घेतला. मशीनचे खरे आकडे क्लब कोणाला दाखवत नाही, पण ओपलला ते लागतच नव्हते. सराव चालू असताना ती मैदानाच्या जाळीपाशी उभी राहायची, पाहुण्या टीमचे बॅटर एकेक करून समोरून जायचे, आणि ती कागदावर लिहायची. "टाच उचलतोय," म्हणायची. "हा केसांमुळे वाटतो. हा खरंच सहा दोन आहे, बिचारा, कोणाचा विश्वास बसत नसेल." मग घरी येऊन दोऱ्या तिने सांगितल्या त्या जागी बांधायच्या. बांधायचं काम माझं. डावा पाइप वाकडा होता, तो फ्लॉइडने सरळ केला, आणि त्याबद्दल तो जन्मभर बोलत राहणार आहे.

दोऱ्या खाली आल्या. बुटक्यांच्या तर चांगल्याच खाली आल्या. आणि एलियासला कळलं की सगळा मेवा खालच्या रेघेपाशी आहे. अंपायरही पुस्तिका वाचतात. बॅटरला पाच दहा समजून पाऊण इंच खालचा चेंडू बॉल देतात, आणि तो स्ट्राइक असतो. ऑगस्टमध्ये एलियासने सोळा चॅलेंज केली, त्यातली चौदा बरोबर आली. मॅनेजर स्ट्रिकलँड त्याच्याकडे पुन्हा बघायला लागला. लेबर डेच्या आधल्या मंगळवारी मोठ्या लीगमधल्या आमच्या वरच्या टीमच्या कॅचरचा अंगठा मोडला. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं. दिवसभर वाटत होतं, मधूनमधून.

त्याच्या जागी बोलावणं आलं, आणि एलियास एका बॅगेत सगळं भरून निघाला. जाताना त्याने टॉवेल चौकटीवर नीट पसरला.

रविवारी दुपारी आम्ही टीव्हीसमोर बसलो. मी, ओपल आणि स्वतःची खुर्ची घेऊन आलेला फ्लॉइड. आठव्या डावापर्यंत एलियास दिसलाच नाही. मग दिसला. तिन्ही बेसवर समोरच्या टीमचे खेळाडू, दोन बाद, एलियासच्या टीमला एका धावेची आघाडी, आणि बॅटरचा निकाल लावणारा चेंडू. स्ट्राइक झाला तर तो बाद; बॉल झाला तर तो फुकट पहिल्या बेसवर चालत जाणार, बाकीचे एकेक बेस पुढे सरकणार आणि बरोबरी होणार. टीव्हीवर बॅटर जवळून दिसला.

"पाच नऊ," फ्लॉइड म्हणाला.

"साडेसहा," ओपल म्हणाली. "पाच साडेसहा. ऑगस्टमध्ये आपल्या मैदानावर बघितलाय मी त्याला."

चेंडू खाली आला, फारच खाली. अंपायर हलला नाही. बॉल. बॅटरने बॅट टाकली आणि पहिल्या बेसकडे चालायला लागला. चाळीस हजार लोक ओरडत होते. एलियासने मनगट वळवलं नव्हतं. झेलला तिथेच हातमोजा धरून ठेवला, आणि दुसरा हात उचलून हेल्मेटवर मारला.

पडद्यावर चौकट उमटली. चेंडू आला आणि खालच्या रेघेला घासून गेला, केसभर. आमच्या परसात घंटा वाजली असती.

फ्लॉइडने खुर्ची पाडली. मी उभा राहिलो होतो, कधी ते आठवत नाही. "म्हणालो होतो की नाही?" मी ओरडलो. "एप्रिलमध्येच! लाल शाईने!"

ओपलने डोक्यावर हात मारला.

ती वर गेली आणि शिवणाच्या कपाटातून तपकिरी वही घेऊन आली. पान तिला शोधावं लागलं नाही. तिने वही फ्लॉइडच्या हातात दिली आणि त्याने मोठ्याने वाचलं. शाई निळी होती. "'बाका. कॅचर. वय अठ्ठावीस. मनगट उत्तम, पाय जड. माणूस सज्जन. उंची सहा फूट. वर जाणार नाही.'" त्याने वही मिटली. "चॅलेंज बरोबर," तो म्हणाला. त्याने दिलेला तो या हंगामातला पहिला अचूक निर्णय.

"कधी वाचलंस तू हे?" मी ओपलला विचारलं.

"एप्रिलमध्ये. बटणं शोधताना."

"आणि गावभर सांगत होतो तेव्हा गप्प का बसलीस?"

"दोनच असतात, वेंडेल."

तेवढ्यात फोन वाजला. मागे गोंगाट होता, आणि एलियासचा आवाज कसाबसा येत होता. तो एकदम लहान मुलासारखा बोलत होता, आधी ओपलसाठी काहीतरी, मग टॉवेलचं काहीतरी. मग म्हणाला, "मिस्टर ग्रूबर, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना? तुम्ही सगळ्यांना सांगत होतात."

समोर ओपलचा हात उचललेला होता, कानाच्या जरा वर.

"नाही रे," मी म्हणालो. "मला वाटलं नव्हतं तू जाशील."

"मलाही नव्हतं वाटलं," एलियास म्हणाला.

ओपलने त्या हाताने केस सारखे केले आणि फोन माझ्याकडून घेतला.